मालवीय नगरच्या खालचा काळा दगड

हिंदुराव नलवडे यांना जयपूरला येऊन बावीस वर्षं झाली होती, आणि ते नेमके कुठले हे या बावीस वर्षांत कुणालाच धड ठरवता आलं नव्हतं. शहराच्या कडेला, झालाना भागातल्या कचेरीत ते 'मराठी बाबू' होते. ते राहत त्या मालवीय नगरातला दूधवाला त्यांना 'बंबईवाले साब' म्हणायचा. मुंबई त्यांनी उभ्या जन्मात दोनदा पाहिली होती, तीही गाडी बदलण्यापुरती. आणि सुट्टीत कागलला गेलं की भावकीतलं कुणीतरी पारावरून म्हणायचंच, "जयपूरकर आलं बघा." हिंदुराव हसून पुढं जायचे. माणसाला कुठं ना कुठं बसवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तोवर त्यात त्यांचं काही बिघडतही नव्हतं.

बिघडलं ते चित्रांमुळं.

खडकांचे नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते मुख्य ड्राफ्ट्समन होते. भूगर्भाचे जाणकार डोंगर तुडवून यायचे, पेन्सिलीनं खुणा करून आणलेले मळके कागद त्यांच्या टेबलावर टाकायचे, आणि हिंदुराव त्यांचे शाईतले नकाशे करायचे. त्यातही त्यांचा हात चालायचा तो छेद काढण्यात. डोंगर वरून खालपर्यंत उभा कापला तर आत काय दिसेल, ते म्हणजे छेद. अळूवडीचा उंडा कापला की पानांचे थर दिसतात तसे दगडांचे थर, प्रत्येकाचा रंग ठरलेला, गुलाबी कुठं आणि पिवळा कुठं याला नियम. स्वतःच्या मर्जीचा रंग लावायची सोय नाही. पंचवीस-तीस वर्षं हेच केल्यावर त्यांना घरसुद्धा असंच दिसायला लागलं, त्यात नवल नाही.

घरी ते सांगानेरच्या हातकागदावर चित्रं काढत. चित्रात वरच्या बाजूला बोटभर पट्टी असे, तिच्यात रोजचं सगळं: मालवीय नगरचा बसथांबा, स्कूटर, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, लेक अलका कॉलेजला निघालेली. आणि त्या पट्टीखाली सगळा छेद. आधी जयपूरची रेती, मग झालान्याच्या डोंगरातला फिकट, कणखर दगड, आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, जाड काळा थर. तो सह्याद्रीचा काळा दगड. त्या थरात बारीक रेघांनी त्यांनी काय काय काढून ठेवलेलं असे. गुऱ्हाळाची कढई, शाळेची घंटा, आईचं जातं.

कचेरीतले भूवैज्ञानिक रामकिशन मीणा हे त्यांचे शेजारी. त्यांनी पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "नलवडे जी, ये काला पत्थर झालावाड में मिलेगा. जयपुर के नीचे कहाँ से आ गया?"

"हमारे घर के नीचे है," हिंदुराव म्हणाले.

मीणाजींनी मान हलवली. चुकीच्या नकाशावर ते कचेरीत हलवत तशीच.

या चित्रांवर हिंदुराव सही करत नसत. कचेरीत नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन खणांची चौकट असते: काढले, तपासले, मंजूर. काढणाऱ्यानं पहिल्या खणात नावाचं एक अक्षर टाकायचं, पूर्ण नाव कधीच नाही. हाताला तीच सवय. घरच्या चित्रातही उत्तर दिशेचा बाण यायचा, मोजपट्टी यायची आणि कोपऱ्यात ती चौकट यायची. 'काढले' मध्ये 'हि.' एकदा गिरिजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चित्र बघता बघता सांगितलं की गच्चीवरची कपड्यांची दोरी राहिली. हिंदुरावांनी दोरी काढली आणि पेन त्यांच्याच हातात दिलं. तेव्हापासून 'तपासले' मध्ये 'गि.' यायला लागलं. तिसरा खण रिकामाच राही. मंजूर करणारा साहेब घरात कोण?

आता अशी चित्रं लोकांना दाखवावीत असं वाटणं काही गुन्हा नव्हे. त्यांनी एकदा राज्याच्या प्रदर्शनाला दोन चित्रं पाठवली. फॉर्मवर विचारलं होतं, पारंपरिक की आधुनिक? त्यांनी दोन्हींवर काट मारून 'छेद' लिहिलं. चित्रं परत आली, सोबत चिठ्ठी, की आपण मूळचे राजस्थानचे असल्याचा दाखला जोडलेला नाही. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका प्रदर्शनाला पाठवली. तिकडून उत्तर आलं, आपला पत्ता जयपूरचा असल्यानं आपण तिकडून अर्ज करावा. जयपूरच्या मराठी मंडळींनी गणपतीत त्यांना आपुलकीनं बोलावलं आणि मागचा पडदा रंगवायला सांगितला. किल्ला पाहिजे, बुरुजावर भगवा पाहिजे. हिंदुरावांनी किल्ला रंगवला, भगवा रंगवला, आणि राहवलं नाही म्हणून किल्ल्याखाली चार थर काढले. कार्यकर्त्यांनी त्या थरांपुढं कुंड्या मांडल्या.

त्या कुंड्यांच्या मागं कुणीतरी डोकावलं, तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

डोकावणारा जयंत प्रधान हा त्या मंडळींतल्याच, विमा कंपनीतल्या सबनीसांचा दिल्लीचा भाचा. कोणत्या कलावंताला परदेशी पाठवावं याचा सल्ला देणं हा त्याचा उद्योग. वय पस्तिशीचं, खादीचा कुडता, मराठी बोलताना मधूनच थांबून शब्द शोधायचा. कुंड्या बाजूला करून त्यानं थर पाहिले, दुसऱ्या दिवशी घरी येऊन चित्रं पाहिली, आणि हिंदुरावांचा हात धरून म्हणाला की काका, हे इथं काय करतंय? युरोपात एक मोठं प्रदर्शन भरतंय, जगातल्या सगळ्या खंडांतले कलावंत एका छपराखाली, काळे-गोरे सगळे सारखे. ते भरवणाऱ्या बाई जानेवारीत हिंदुस्थानात येणार आहेत. मी त्यांना घेऊन येतो.

सगळे सारखे, हे शब्द हिंदुरावांच्या मनात बसले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तीस वर्षांत त्यांनी काढलेले नकाशे देशभर गेले, आणि त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं. नोकरीत ते ठीकच होतं, सगळ्यांचंच तसं. पण चित्रं त्यांची स्वतःची होती. एखाद्या भिंतीवर ती लागावीत, आणि खाली कुणीतरी 'हिंदुराव नलवडे' एवढं लिहावं. राजस्थानी नको, महाराष्ट्रीय नको. हे त्यांनी फक्त गिरिजाबाईंना सांगितलं, तेही पाठमोरं होऊन.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत बाई आल्या. नाव इंग्रिड. उंच, सुती सलवार-कमीज घातलेल्या, आवाज मऊ, आणि ऐकताना डोळे समोरच्यावरून न हलवणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या. तोच तर वैताग होता. वाईट असत्या तर त्यांना चहा पाजून वाटेला लावता आलं असतं.

दुभाष्याचं काम अलकाकडं. तिचं इंग्रजी चांगलं आणि मराठी जरा अडखळतं. "बाबा, मतलब, त्या विचारतात की हे तुमच्याकडे किती पिढ्यांपासून चालतं?"

हिंदुराव म्हणाले, एकही नाही, मीच पहिला. बाईंचा चेहरा पडला. मग वडील काय करायचे? हिंदुरावांनी सरळपणानं सांगितलं की वडील मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी धरायचे. बाईंचा चेहरा उजळला. आणि आजोबा? आजोबा बिचारे शेतकरी, पण बांधावरून भांडण झालं की पावलांनी रान मोजायचे, गावात सगळेच मोजायचे. तोवर बाईंच्या वहीचं पान भरलं होतं. अलकाला काय लिहिलंय ते दिसलं, तिनं हळूच जयंताला विचारलं, जयंतानं डोळ्यानं राहू दे म्हटलं.

मग उत्तरेचा बाण. बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, हा त्रिशूळ का? हिंदुराव म्हणाले, ही उत्तर दिशा. बाई म्हणाल्या, म्हणजे देवांची दिशा. हिंदुराव म्हणाले, म्हणजे आग्र्याची बाजू नव्हे, अलवरची बाजू थोडी उजवीकडं धरून. हे अलकानं भाषांतर केलं की नाही कोण जाणे. बाई भक्तिभावानं मान हलवत होत्या.

मीणाजीही आलेले होते, खास. सफारी सूट, बगलेत दोन रिपोर्ट. काळ्या थराबद्दल परदेशी बाईंपुढं आपली हरकत नोंदवायचा त्यांचा विचार होता. पण बाईंना त्या वेळी दुसरंच हवं होतं. त्या जयंताला विचारत होत्या की इथून जवळ एखादी आदिवासी वस्ती आहे का, तिथल्या कुणाशी तरी बोलता येईल का. जयंत दौसा, लालसोट अशी गावांची नावं सांगायला लागला. मीणाजी तिथंच, हातभर अंतरावर, बशीतलं बिस्किट चहात बुडवत बसले होते. त्यांनी बिस्किट खाल्लं, बशी खाली ठेवली आणि हिंदुरावांच्या कानाशी म्हणाले, "ट्राइब का सर्टिफिकेट बनवाने में मुझे दो साल लगे थे. मैडम को दो घंटे में चाहिए."

शेवटी फोटो. हिंदुराव उंच स्टुलावर बसून कललेल्या फळीवर काम करत. बाईंनी विचारलं, जमिनीवर बसाल? हिंदुरावांचे गुडघे दुखत, पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं. ते बसले. फळी आत गेली, स्टूल आत गेला, भिंतीवरचं कॅलेंडर निघालं. मग बाईंनी गिरिजाबाईंच्या अंगावरच्या स्वेटरकडं पाहिलं आणि जयंताशी काहीतरी बोलल्या. तो संकोचून म्हणाला, काकू, जरा हा स्वेटर काढता का, फोटोपुरता.

"का म्हणून?" गिरिजाबाई म्हणाल्या. "हातानं विणलाय मी. हाताचंच बघायला आल्यात न्हवं ह्या?"

जयंतानं ते भाषांतर केलं नाही. जानेवारीच्या कडाक्यात गिरिजाबाई नुसत्या पदरावर उभ्या राहिल्या आणि फोटोत त्यांचा चेहरा जो आला तो थंडीचा होता. पुढं त्या चेहऱ्यावर परदेशात कुणीतरी परिच्छेदभर लिहिलं, ते नंतर येईल.

पाच चित्रं निवडली गेली. महिन्यानं फॉर्म आला, चांगला चार पानी. समाज कोणता, परंपरा कोणती, किती पिढ्या, चित्र कोणत्या विधीत वापरतात, काढण्याआधी उपास करतात का. सगळं होतं, फक्त काढणाऱ्याचं नाव लिहायला जागा नव्हती. हिंदुरावांनी दोनदा पानं उलटून पाहिली. मग समासात आपल्या नकाशाच्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: हिंदुराव नलवडे, जन्म १९३२, कागल, ड्राफ्ट्समन. आणि तो फॉर्म पाठवून न देता जयंताची वाट पाहत बसले. चित्रं अजून घरातच होती. संमतीची सही त्यांच्याच हातात होती.

जयंत आला, फॉर्म पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काका, ड्राफ्ट्समन नका लिहू. सरकारी नोकर म्हटलं की संपलं सगळं."

"मग काय लिहू? आहे ते आहे."

"काही नका लिहू. ते लिहितील."

"जयंतराव, तुम्ही म्हणाला होता सगळे सारखे."

जयंतानं फॉर्म खाली ठेवला. मग पहिल्यांदाच तो थकल्यासारखा बोलला. म्हणाला, "तिथं दोन दारं आहेत. एक त्यांच्या लोकांचं. ते आपापलं नाव सांगून आत जातात. दुसरं आपलं, आफ्रिकेतल्यांचं, बाकी सगळ्यांचं. तिथं आधी जात, गाव, देव काय ते विचारतात. तिसरं दार मी दहा वर्षं शोधतोय. माझे स्वतःचे मित्र चांगली चित्रं काढतात, शहरात राहतात, तर बाई म्हणतात ही आमचीच नक्कल आहे. तुम्हाला आत तर जाऊ द्या."

हिंदुरावांना त्याची कीव आली, रागही आला. बराच वेळ त्यांनी फॉर्मच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, "बाकी काय लिहायचं ते लिहू द्या. चित्राखाली माझं नाव पाहिजे. तेवढं कबूल करा, मी सही करतो."

जयंतानं कबूल केलं. मनापासून केलं असावं. हिंदुरावांनी सही केली, आणि पाच चित्रं गोणपाटात शिवून दिल्लीला गेली.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये प्रदर्शनाचं पुस्तक आलं. पाटासारखं जड. रविवार होता, हिंदुराव, गिरिजाबाई आणि मीणाजी जेवणाच्या टेबलाभोवती बसले आणि अलका वाचून सांगायला लागली. आधीच्या पानावर युरोपातला एक गृहस्थ होता, त्यानं एका खोलीत नुसते दगड रचून ठेवले होते. त्याचं नाव, जन्मसाल, कुठं शिकला, कुठं कुठं प्रदर्शनं झाली, आणि बूट घालून खुर्चीत बसलेला फोटो. पुढचं पान उलटलं. हिंदुराव जमिनीवर, मागं गारठलेल्या गिरिजाबाई. खाली काय लिहिलंय ते अलकानं मनातल्या मनात वाचलं आणि पुस्तक मिटायला लागली.

"वाच," हिंदुराव म्हणाले.

"बाबा, हे काहीही आहे."

"वाच म्हटलं की."

तिनं वाचलं. 'जमीन मोजणाऱ्या जातीचं सामुदायिक काम, जयपूर.' कोपऱ्यातल्या चौकटीत दोन वेगळी अक्षरं दिसली, तेव्हा हे काम अनेकांनी मिळून केलंय असं त्यांनी धरलं होतं; रिकामा खण पूर्वजांसाठी सोडलेला. बाण म्हणजे त्रिशूळ होताच. फोटोत मागं उभ्या बाईच्या चेहऱ्यावर शतकांची वेदना होती.

"शतकांची कसली, त्यांनीच स्वेटर काढायला लावला," गिरिजाबाई म्हणाल्या.

आणि काळा थर. त्यावर अर्धं पान होतं. तळाचा काळा थर म्हणजे उत्तरेतून आलेल्या गोऱ्या लोकांनी खाली दाबून टाकलेला काळ्या वर्णाचा मूळ समाज, आणि आत दिसणारी भांडी म्हणजे त्याची गाडलेली स्मृती. गोऱ्या जगानं हा थर वाचायला शिकलं पाहिजे, असं शेवटी लिहिलं होतं.

हिंदुराव उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "काळा थर म्हणजे काळा दगड," ते म्हणाले. "आमच्या रानात आहे तो. त्यावर बसून मी पाढे पाठ केले."

मीणाजींनी तेवढं पान समजावून घेतलं आणि बराच विचार करून म्हणाले की दाबून टाकलेल्या लोकांबद्दल बाई बोलतायत ते सगळंच खोटं नाही, त्यांना स्वतःला त्यातलं पुष्कळ सांगता आलं असतं. पण त्यासाठी आधी त्यांना विचारायला पाहिजे होतं. आणि नंतर, राहवेना म्हणून, म्हणाले की बाकी काही असो, तो दगड जयपूरखाली नाही ही हरकत मात्र या पुस्तकातही कुणी घेतलेली नाही.

हिंदुरावांनी जयंताला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की काका, मी तीनदा कळवलं होतं, छपाईच्या वेळी राहिलं, पण चित्रांपुढं गर्दी आहे, तुम्ही आनंद माना. आनंद कसा मानायचा ते त्यात लिहिलेलं नव्हतं. हिंदुराव दोन दिवस फळीपाशी फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण उगीच रागावून बसलोय, याला तर कचेरीत रीत आहे.

छापलेला नकाशा चुकला तर तो कुणी फाडत नाही. शुद्धिपत्र काढतात. कागदाची बोटभर पट्टी, वर क्रमांक, तारीख; अमुक ठिकाणी अमुक आहे, त्याऐवजी अमुक वाचावे; आणि ती चुकीच्या जागेवर चिकटवतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हिंदुरावांनी स्टूल ओढला, फळी लावली, हातकागदाचा मोठा ताव घेतला, त्याच्या पट्ट्या कापल्या, पाठवायच्या मोजून पन्नास. प्रत्येक पट्टीवर त्यांनी इंग्रजीत, छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलं:

'जमीन मोजणाऱ्या जातीचं सामुदायिक काम, याऐवजी हिंदुराव नलवडे, ड्राफ्ट्समन, असे वाचावे. त्रिशूळ, याऐवजी उत्तर दिशा. शतकांची वेदना, याऐवजी थंडी. काळा वर्ण, याऐवजी काळा दगड.'

थंडीची ओळ गिरिजाबाईंनी घालायला लावली. पट्ट्या तयार व्हायला दहा दिवस लागले. एकाही अक्षरात खाडाखोड नव्हती. एक पट्टी ब्लेडनं खरवडावी लागली ती त्यांनी फेकून दिली आणि दुसरी केली. कोपऱ्यात सवयीनं चौकट आली, हि., गि. आणि रिकामा खण. अलका म्हणाली, बाबा, पुन्हा तेच. पण तोवर पन्नासही झाल्या होत्या, आणि नाव वर आलं होतंच. एक्कावन्नावी कार्यालयीन प्रत म्हणून घरी ठेवली. ती ठेवायचीच असते. बाकी रजिस्टर टपालानं रवाना झाल्या, सोबत दोन ओळींचं पत्र, की या पुस्तकांत योग्य जागी चिकटवाव्यात, आणखी लागल्यास कळवावे.

आणखी लागल्या. सप्टेंबरात जयंत स्वतः आला, पेढे घेऊन. खिशातून त्यानं एक रंगीत फोटो काढला. लांबलचक काचेची पेटी, आत पांढऱ्या कापडावर पन्नासही पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, वरून दिवा सोडलेला, भोवती माणसं वाकून बघतायत. खाली पितळी पट्टीवर दोन ओळी होत्या. अलकानं भिंग घेऊन वाचल्या. 'चुका सुधारण्याचा विधी. जमीन मोजणाऱ्या जातीचं सामुदायिक काम, जयपूर.'

"बाईंना फार आवडलं," जयंत म्हणाला. "आणखी शंभर मागतायत. दुसऱ्या एका शहरात जायचंय हे सगळं."

हिंदुरावांनी भिंग घेतलं. फोटोतली सगळ्यात जवळची पट्टी स्पष्ट आली होती. त्यांचं नाव वाचता येत होतं. पुढच्या पट्टीवरही. त्याच्या पुढच्या पट्टीवरही.

"पन्नास वेळा नाव लागलंय की भिंतीला," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. "आता तरी."

"भिंतीला न्हवे, पेटीत," हिंदुराव म्हणाले. "आणि खाली परत तेच. ह्यांना वाचता येतं का नाही? वाचतात, वाकून वाचतात, आणि कळत नाही." भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं. जयंताकडं वळून, आवाज न चढवता, ते म्हणाले, "शुद्धिपत्र चिकटवायचं असतं. पेटीत ठेवलं म्हणजे नकाशा चुकीचाच राहिला. माझी पाच चित्रं परत पाठवायला सांगा."

जयंतानं खूप समजावलं. पुढच्या प्रदर्शनाचं नाव सांगितलं, शहराचं सांगितलं, लोक यासाठी जन्मभर धडपडतात म्हणाला. ते खरंही होतं. हिंदुरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेढ्याचा पुडा त्याच्या हातात परत न देता अलकाच्या हातात दिला, म्हणजे राग त्याच्यावर नाही हे त्याला कळावं. पण हेका सोडला नाही. जाताना जयंत दारात थांबला, म्हणाला, "तुम्ही बाहेर पडलात काका, की जागा भरायला त्यांना दुसरं कुणीतरी मिळेल." हिंदुराव म्हणाले, मिळेल, आणि त्याला विचारा आधी, नाव काय म्हणून.

डिसेंबरात चित्रं आली. गोणपाटाऐवजी गुळगुळीत लाकडी खोकं होतं, आत प्रत्येक चित्राला बाळंतिणीसारखं गुंडाळलेलं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर छापील चिठ्ठी घट्ट डकवलेली. जमीन मोजणारी जात. सामुदायिक काम. हिंदुरावांनी नखानं उचकटून पाहिली. कागदच सोलून निघायला लागला, तेव्हा थांबले. मग कपाटातून एक्कावन्नावी पट्टी काढली, गिरिजाबाईंनी तांदळाच्या पिठाची खळ करून दिली, आणि पहिल्या चित्राच्या पाठीवर, त्या चिठ्ठीच्या बरोबर वर, त्यांनी ती चिकटवली. उरलेल्या चारांसाठी चार नव्या करायला घेतल्या. अलका म्हणाली की भिंतीला लावल्यावर पाठ कोण बघणार? हिंदुराव म्हणाले, न बघू दे.

त्या संध्याकाळी मीणाजी आले. चित्र बैठकीच्या खोलीत लागलं होतं, कॅलेंडर पुन्हा आपल्या जागी होतं. पुढच्या महिन्यात हिंदुराव निवृत्त व्हायचे होते, तेव्हा बोलणं त्याचंच चाललं होतं, कागलला जाणार की इथंच राहणार. हिंदुरावांना ते ठरवता येत नव्हतं आणि लोक विचारत राहतात याचा कंटाळा आला होता. बोलता बोलता मीणाजी उठून चित्रापाशी गेले. चष्मा वर केला. नाक कागदाला लागेल इतके वाकून तळाचा थर बघत राहिले.

"कढई नई बनाई है क्या?"

"पहले से है," हिंदुराव म्हणाले.

"तब दिखी नहीं." मीणाजींनी सवयीनं सफारीच्या खिशाला हात लावला. हिरव्या शाईचं पेन बाहेर आलं, कचेरीत ते ज्यानं नकाशांवर सह्या करत तेच. कुणाला न विचारता त्यांनी कोपऱ्यातल्या तिसऱ्या खणात आपली लांबलचक सही केली, तारीख टाकली, आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत काहीतरी लिहायला लागले. हिंदुराव धावत गेले, पण उशीर झाला होता.

'नीचे का काला पत्थर मौके पर नहीं मिला. श्री हिंदुराव नलवडे के कहने पर मंजूर.'

"मीणाजी," हिंदुराव वैतागून म्हणाले, "शेरा नकाशावर लिहितात का कधी? शेरा वेगळ्या कागदावर असतो. तीस वर्षं नोकरी केली तुम्ही."

मीणाजींना मराठी फारसं कळत नसे, पण हे कळलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. म्हणाले, "तो शुद्धिपत्र निकाल दीजिए."

हिंदुराव ब्लेड शोधायला आत गेले. हिरवी शाई हातकागदावरून खरवडून निघते, फार खोल जात नाही. ब्लेड सापडलं, तसं ते घेऊन ते बाहेर आले, चित्रापुढं उभे राहिले, शेरा पुन्हा एकदा वाचला. मग गिरिजाबाईंना म्हणाले, "चहा ठेवा की, मीणाजी कधीचे आलेत," आणि ब्लेड खिशात घालून बसले.